ग्रीसचा शनिवार

नेल्डा स्ट्रूपला आमच्या कॅम्पात सहसा कोणी जेवायला बोलवत नसे. बोलावलं की ती दारातून आत यायच्या आधी तुमच्या ट्रेलरच्या चाकापाशी वाकायची, टायर अंगठ्यानं दाबायची, कडेची भेग नखानं उकरायची आणि मग मक्याचं कणीस खाता खाता तुम्ही कुठल्या वळणावर मरणार आहात ते सांगायची. असं माणूस कोणाला ताटाशेजारी हवं असतं? मलाही नको होतं. पण कॅम्प माझा, ती माझ्याकडे बारा वर्षं भाड्यानं राहते, आणि तिचं बोलणं ऐकून घेणारा दुसरा कोणी नव्हता.

मी ऑरिन. बिगहॉर्न डोंगराच्या पूर्वेला, अगदी पायथ्याशी हा कॅम्प. चाळीस जागा, प्रत्येक जागेला नळ आणि विजेचा खांब, मध्ये कपडे धुवायची खोली. लोक पिकअपमागे आपलं घर जोडून येतात, उन्हाळाभर हिंडतात, हिवाळ्यात ट्रेलर माझ्याकडे ताडपत्रीखाली टाकून लेकाबाळांकडे जातात. मे संपता संपता वरचा घाट बर्फातून मोकळा होतो आणि सगळ्यांना डोंगरापलीकडे जायची घाई सुटते. इकडून चढण बरी आहे. पलीकडची उतरण मात्र दहा टक्क्यांची, म्हणजे शंभर फुटांत दहा फूट खाली, आणि वळण संपलं म्हणावं तर पुढचं तयार.

नेल्डानं एकोणीस वर्षं कोळशाच्या खाणीत टायर आणि ब्रेकचं काम केलं. तिथले टायर तिच्या दुप्पट उंच. एकदा असा एक टायर फुटला तेव्हा तिच्या शेजारचा माणूस गेला आणि तिचा डावा कान गेला. म्हणून ती ओरडून बोलते असं लोक म्हणतात. मला तसं वाटत नाही. दोन्ही कान शाबूत असते तरी ती ओरडलीच असती. एक नवरा होता; त्यानं गाडीचे झिजलेले ब्रेक पुढच्या महिन्यात बदलू असं तीनदा म्हटलं, तेव्हा त्याची पेटी तिनं बाहेर ठेवली. हे ती स्वतः सांगते, आणि सांगताना अजून चिडते. खाण सुटल्यावर तिनं एक जुनी पांढरी व्हॅन घेतली, हत्यारं भरली आणि ट्रेलरवाल्यांची चाकं बघत फिरू लागली.

एका वसंतात तिनं पिवळा खडू घेतला आणि कॅम्पातल्या एकूण एक टायरवर त्याचं वय लिहून ठेवलं. टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ते वाचायचे कष्ट कोण घेतो? सकाळी लोक कॉफीचे पेले घेऊन बाहेर आले तर आपापल्या चाकांवर हातभर अक्षरात लिहिलेलं: नऊ वर्षं. अकरा वर्षं. एका ठिकाणी नुसतं लिहिलं होतं, देवाला भ्या. आयोवाच्या एका गृहस्थानं टायर बुटासारखे काळे चमकावून ठेवले होते. तो तावातावानं आला आणि म्हणाला, नक्षी बघा, नवीकोरी आहे.

"नक्षी रस्त्यावर झिजते," नेल्डा म्हणाली. "तुझा ट्रेलर वर्षातले दहा महिने उभा असतो. उभा टायर आतून वाळतो. बाहेरून पॉलिश मारून काय उपयोग? मढ्यालाही पावडर लावतात."

तो गृहस्थ माझ्याकडे तक्रार घेऊन आला. मी खडू धुवायला पाणी दिलं. तिचं बरोबर आहे हे मला माहीत होतं, आणि तरी मी पाणी दिलं. माझा स्वभाव तुम्हाला इथेच कळून जावा.

आता होबर्ट लिंडक्विस्ट. नेल्डा जितकी कोणाला नकोशी, तितका होबर्ट सगळ्यांना हवासा. चौतीस वर्षं रेल्वेच्या कारखान्यात लेथवर उभा राहिलेला, सहा फूट उंच, बोलणं इतकं हळू की ऐकायला वाकावं लागे. कोणाचा नळ गळतोय, कोणाची पायरी मोडलीय, होबर्ट हजर, आणि कामाचे पैसे विचारले तर दुखावल्यासारखा चेहरा. कॅम्पातला मोठा सण त्यानंच सुरू केलेला, ग्रीसचा शनिवार. घाट उघडायच्या आधीच्या शनिवारी होबर्ट गालिच्याचा एक तुकडा गुडघ्याखाली घेऊन एकेका ट्रेलरपाशी बसायचा आणि चाकाच्या मधोमध असलेल्या बोंडाला ग्रीसगन लावून ग्रीस भरायचा. प्रत्येक चाकाला दहा दाब. हाताला जड लागलं की म्हणायचा, पोट भरलं हिचं. मी मोठा तवा लावून पॅनकेक करायचो, बायका कॉफी वाटायच्या, कोणी गिटार काढायचं. तिसापर्यंत ट्रेलर दुपारपर्यंत व्हायचे. आपल्या चाकाला होबर्टचा हात लागला म्हणजे उन्हाळा सुखरूप, अशी लोकांची समजूत. मालक एकेक करून चाकापाशी उभे राहायचे, टोपी काढून सुद्धा.

आणि हे सगळं चूक होतं. मुळापासून चूक.

चाक जमिनीवर टेकलेलं, थंडीनं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं, आणि त्यावर तुम्ही जोर लावून नवं ग्रीस कोंबता. ते बेअरिंगमधून फिरून पुढे येत नाही. मागचं रबराचं सील फोडून ब्रेकच्या ड्रममध्ये जातं आणि लायनरवर, म्हणजे ड्रमला घासून चाक थांबवणाऱ्या पट्टीवर, बसतं. ग्रीस प्यायलेला लायनर ड्रमला पकडणार कसा? बाहेरून काही दिसत नाही. चाक झकास फिरतं, आवाज नाही, काही नाही. नेल्डा दर वर्षी ओरडायची की चाक काढा, ड्रम उघडा, बेअरिंग धुवा, तळहातावर ग्रीस घेऊन हातानं भरा, लायनर डोळ्यांनी बघा. एका ट्रेलरला अर्धा दिवस लागतो. होबर्ट पाच मिनिटांत करतो, हसतमुखानं, वर पॅनकेक. लोक म्हणायचे, बाईला गिऱ्हाईक पाहिजे, दुसरं काय.

तीन वर्षांपूर्वी मर्ल गेला. इथेच राहणाऱ्या आर्डिथचा नवरा. ग्रीसच्या शनिवारनंतरचा सोमवार होता. तो पिकअपमागे ट्रेलर घेऊन पुढे आणि आर्डिथ लहान गाडीत मांजर घेऊन मागे. पलीकडच्या उतारावर तिच्या डोळ्यांदेखत ट्रेलर पिकअपला ढकलू लागला, पिकअपच्या चाकांतून धूर आला, आणि तिसऱ्या वळणावर दोन्ही खाली गेले. पंचनामा करणाऱ्या माणसानं रस्त्यावरच्या खुणा मोजल्या, पिकअपचे ब्रेक जळालेले पाहिले आणि लिहून टाकलं, वेग जास्त. ट्रेलरच्या ड्रममध्ये कोण वाकून बघतो?

नेल्डानं बघितलं. आर्डिथची कपड्यांची पेटी त्या भंगारातून काढून आणायला ती व्हॅन घेऊन गेली होती. एक ड्रम तडकून उघडा पडला होता, बाकीचे तीन तिनं तिथेच खोलले. चारही चाकांचे लायनर ग्रीसनं चपचपीत. परत आली ती सरळ कपडे धुवायच्या खोलीत, मी तिथे मशीनची जाळी साफ करत होतो. तिनं मला सांगितलं आणि मशीनला लाथ मारली. तो पोचा अजून आहे.

मग आम्ही काय केलं? काही नाही. आर्डिथला अन्न जात नव्हतं, आणि तिला दोन वेळा चमच्यानं सूप भरवत होता होबर्ट. तिची कागदपत्रं त्यानं केली, तिला नवा, म्हणजे जुनाच, छोटा ट्रेलर आणि तो ओढायला जुना पिकअप शोधून दिला, हिवाळ्यात तिच्या दारातलं बर्फ त्यानं ओढलं. त्या माणसाला जाऊन सांगायचं, मर्लला तू मारलंस? आणि तिला सांगायचं, तुझ्या तोंडात सूप घालणारा हात हाच? मी म्हणालो, थोडं थांबू. नेल्डा म्हणाली, बरं. थोड्याची तीन वर्षं झाली. मूग गिळून बसायची आम्हा दोघांनाही सवय लागली, आणि नेल्डा तेव्हापासून दुप्पट ओरडू लागली, सगळ्यांवर, सगळ्याबद्दल, एवढी एक गोष्ट सोडून.

आर्डिथ मात्र बोलायची. नवीन कोणी कॅम्पात आलं की ती त्यांना घाटाबद्दल बजावायची. म्हणायची, माझा नवरा वेगात गेला, मी त्याला कितीदा सांगितलं होतं, त्याला नेहमी मिरवायची हौस. माझ्या ऑफिसात, माझ्या खुर्चीत बसून म्हणायची. मी मान हलवायचो.

यंदा तिला पलीकडे एका कॅम्पात उन्हाळ्यापुरतं काम मिळालं. मोफत जागा, त्या बदल्यात आलेल्यागेलेल्यांची नोंद आणि संडास साफ करणं. तीन वर्षांत पहिल्यांदा ती स्वतः ट्रेलर ओढून घाट उतरणार होती. मी तिला सुचवलं की दक्षिणेकडून मोठ्या रस्त्यानं वळसा घालून जा, एक दिवस जास्त लागेल एवढंच. ती म्हणाली, "मर्ल मूर्खासारखा गेला म्हणून मी जन्मभर वळसे घालू का, ऑरिन? मी हळू जाईन. हळू गेलं की काही होत नाही."

आम्ही जी खोटी समजूत तशीच राहू दिली होती, तिच्यावरच विश्वास ठेवून ही बाई घाट उतरायला निघाली होती.

गुरुवारी नेल्डानं तिला ट्रेलर जोडायला लावला. ट्रेलरचे ब्रेक विजेवर चालतात. पिकअपमध्ये गुडघ्यापाशी एक डबी असते, तिच्यावर ब्रेकचा जोर कमीजास्त करायचं एक बटण आणि एक छोटी दांडी. माणूस चालेल इतक्या वेगानं गाडी सोडायची आणि नुसती ती दांडी दाबायची. ब्रेक ठीक असतील तर ट्रेलर पाय रोवतो आणि पिकअपला मागे खेचून धरतो. आर्डिथनं दांडी दाबली. ट्रेलर थांबला नाही, दचकलासुद्धा नाही, माझ्या ऑफिसापासून कचऱ्याच्या पेट्यांपर्यंत निवांत घरंगळत गेला. नेल्डा शेजारून चालत होती आणि तिच्या कपाळाची शीर मला लांबून दिसत होती.

होबर्ट तिथेच होता. तो वाकून म्हणाला की हिवाळाभर उभा होता, लायनरवर गंज चढतो, चार मैल चालला की सुटेल, तोवर डबीचं बटण दोन घरं वर घे. ही गोष्ट खोटी नाही. पुष्कळदा असंच असतं. खोटारड्या माणसाशी भांडता येतं, पण असल्या भल्या माणसाशी कसं भांडायचं?

"चाकं काढू दे मला," नेल्डा म्हणाली. "एक दिवस दे."

आर्डिथ कसनुसं हसली. म्हणाली, शनिवारी होबर्ट ग्रीस भरणारच आहे, तो बघेल की. होबर्टला वाईट वाटेल.

नेल्डानं हातातली बॅटरी माझ्या पायाशी आपटली आणि निघून गेली.

शुक्रवारी दुपारी ती धुलाईच्या खोलीत आली. उद्या मी सांगणार, म्हणाली. मी म्हणालो की होबर्टचं वय एकाहत्तर आहे, हे ऐकून तो मोडून पडेल. दुसरी काही युक्ती काढू, लायनर जुने झालेत असं सांगू, मी खर्च देतो. मी अजून सौदा करत होतो, विचार करा.

"तीन वर्षं मी युक्त्याच करतेय," नेल्डा म्हणाली. "ओरडून पाहिलं, खडूनं लिहून पाहिलं. लोकांनी मला वेडी ठरवलं आणि ग्रीस भरून घेतलं. होबर्ट मोडेल म्हणतोस. आर्डिथ त्या वळणावरून खाली गेली तर तू काय करशील, परत पॅनकेक?"

मी मशीनचं झाकण उघडलं आणि परत लावलं. ती म्हणाली, तू भित्रा आहेस, ऑरिन. मग म्हणाली, मीही.

शनिवारी सूर्य चांगला वर आला होता, तवा तापला होता, पंचवीस-तीस माणसं पेले घेऊन उभी होती. होबर्ट सहा ट्रेलर संपवून आर्डिथच्या ट्रेलरपाशी आला, तर नेल्डा पुढच्या चाकाला पाठ टेकवून उलट्या बादलीवर बसलेली. हात छातीशी बांधलेले.

होबर्टनं गालिच्याचा तुकडा खाली ठेवला आणि त्यावर गुडघे टेकले. नेल्डा, पाच मिनिटांचं काम आहे, म्हणाला. ती हलली नाही. मागून कोणीतरी म्हणालं, बाईला आज गिऱ्हाईक पाहिजे, आणि लोक हसले. आयोवाचा तो गृहस्थ तर मोकळा हसला. आर्डिथचा चेहरा लाल झाला.

"ऊठ, नेल्डा," ती म्हणाली. "मला लाज वाटतेय. त्याला करू दे."

नेल्डाचा आवाज मी बारा वर्षांत खाली आलेला ऐकला नव्हता. त्या दिवशी आला. लोकांना पुढे सरकावं लागलं.

"आर्डिथ, मर्ल वेगात नव्हता," ती म्हणाली. "त्याच्या चारही चाकांत ग्रीस शिरलं होतं. लायनर भिजलेले होते. ट्रेलरला ब्रेकच नव्हता. मी माझ्या हातानं ड्रम खोलून पाहिलेत."

आर्डिथनं विचारलं, "केव्हा?"

"तुझी पेटी आणायला गेले तेव्हा."

"म्हणजे तेव्हाच."

"हो."

"आणखी कोणाला माहीत आहे?"

नेल्डानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती मला वाचवणार होती. तव्यावर पॅनकेक करपत होता. मी उलथणं ठेवलं आणि म्हणालो, मला.

होबर्ट अजून गुडघ्यावर होता. त्यानं ग्रीसगन मांडीवर आडवी ठेवली. मग कोणालाच न उद्देशून म्हणाला, "मीच भरलं होतं. शेवटच्या चाकाला हात जड लागेना, म्हणून पाच दाब जास्त दिले." त्याला उठता येईना. दोघांनी धरून उठवलं.

आर्डिथ त्याच्याकडे वळली नाही. तिनं नेल्डाला चाक खोलायला सांगितलं. नेल्डानं जॅक लावला, नट काढले, टायर बाजूला ठेवला, ड्रम ओढला. तो निघताना चिकट, ओला आवाज आला. आत काळं-तांबडं ग्रीस लोण्यासारखं थापलेलं, दोन वसंतांचं, आणि लायनर त्यात बुडालेले. आर्डिथनं बोट घातलं आणि बाहेर काढून उन्हात धरलं. बाजूला ठेवलेल्या टायरच्या कडेला नेल्डाच्या खडूचा पुसट आठ दिसत होता, आणि आतल्या बाजूला, जिथे उभ्या माणसाला दिसत नाही तिथे, नक्षी पार झिजून तारा वर आल्या होत्या. तेही आत्ताच कळलं.

"डबीचं बटण?" आर्डिथनं विचारलं. "मर्लचं."

"शेवटच्या घरावर होतं. आणि दांडी वाकलेली होती, इतकी दाबलेली. त्यानं जे करता येईल ते सगळं केलं होतं."

आर्डिथनं बोट आपल्या पांढऱ्या कार्डिगनला पुसलं. मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही, आणि ओरडलीही नाही.

"मी दर रविवारी त्याच्या थडग्यापाशी उभी राहून त्याला शिव्या देते," ती म्हणाली. "तीन वर्षं. त्याच्या आईला सांगितलं मी, तुमचा मुलगा मूर्खपणानं मेला. ती म्हातारी तेच ऐकून गेली. आणि तुम्ही दोघं माझ्यासमोर बसून माना हलवत होतात."

तुझं दुःख वाढू नये म्हणून, असं मी म्हणणार होतो. तोंडापर्यंत आलं होतं. ते किती हलकट वाक्य आहे हे तोंडात आल्यावर कळलं. दुःख तिचं वाढलंच होतं, वर मर्लची अब्रू आम्ही घेतली होती. वाचली होती ती फक्त आमची शांतता.

त्या दिवशी पुढचे ट्रेलर झाले नाहीत. होबर्टनं भरलेल्या सहांचे मालक एकेक करून नेल्डाच्या व्हॅनपाशी येऊन उभे राहिले, आयोवावालाही. नेल्डानं त्यांना हाकललं. आधी हिचं, म्हणाली.

दोन दिवस ती आर्डिथच्या ट्रेलरखाली होती. नवे लायनर, नवी सीलं, बेअरिंगं पेट्रोलात धुऊन तळहातावर ग्रीस घेऊन दाणा दाणा भरलेली. वाकलेला आस तिनं सरळ करवून आणला, कारण त्याच्यामुळेच टायर आतून झिजत होता. सोमवारी टायरचं दुकान उघडल्यावर चार टायर आणले आणि आकडे आर्डिथला वाचून दाखवले. आर्डिथ सहा फुटांवर घडीची खुर्ची टाकून सगळं बघत बसली होती. हे काय, ते कशासाठी, किती घट्ट, एवढंच विचारायची. कामापलीकडचा शब्द नाही. नेल्डा उत्तर द्यायची, आणि तिच्या आवाजात एवढी अजिजी असायची की मला ते ऐकवेना. त्यापेक्षा तिनं शिव्या दिलेल्या बऱ्या.

होबर्ट शनिवारपासून दार लावून बसला होता. रविवारी संध्याकाळी आर्डिथ सूपचं भांडं घेऊन त्याच्याकडे गेली आणि तासभर आत होती. काय बोलणं झालं ते कोणाला माहीत नाही.

सोमवारी दुपारी परत तीच परीक्षा. आर्डिथनं दांडी दाबली आणि ट्रेलरनं असे पाय रोवले की पिकअपची मागची बाजू खाली बसली, खडी उडाली. तिनं तीनदा करून पाहिलं. मंगळवारी सकाळी विजेची वायर गुंडाळली, पायरी वर घेतली, धुलाईच्या खोलीची चावी माझ्या टेबलावर ठेवली. मी म्हणालो, हळू जा. ती माझ्याकडे बघत राहिली तेव्हा मला कळलं की मी काय बोललो. मग ती गेली.

तो दिवस कसा गेला ते सांगत नाही. डोंगरावर फोन लागत नाही. नेल्डा आयोवावाल्याच्या ट्रेलरखाली पडून होती आणि एकच नट आवळत होती, सोडत होती, आवळत होती. मी उगाच तिच्याजवळ झाडू मारत होतो. आर्डिथ उतरली असेल का, असं दोघांपैकी कोणीही म्हणालं नाही. म्हणायचा हक्क राहिला नव्हता बहुतेक. ब्रेक नवे होते, टायर नवे होते, नेल्डाच्या हातचं काम होतं, आणि तरी मी घड्याळ बघत होतो.

अडीचच्या सुमाराला होबर्ट आला. दाढी केलेली, स्वच्छ शर्ट, पण तीन दिवसांत दहा वर्षांनी म्हातारा झालेला. तो ट्रेलरपाशी थांबला आणि नेल्डाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, म्हणजे त्याच्या मानानं ओरडूनच, म्हणाला, "आर्डिथचा फोन आला होता. उतरली ती."

नेल्डा घसरत बाहेर आली. तिचं तोंड ग्रीसनं माखलेलं होतं.

"ड्रम तापले होते का?"

"खाली गाडी थांबवून चारही चाकांना हात लावून पाहिला म्हणाली. कोमट होते."

नेल्डानं मान हलवली. मग ती तिथेच जमिनीवर बसून राहिली, पाना हातात. मला राहवलं नाही. मी विचारलं की आमच्यासाठी काही निरोप दिला का.

होबर्टला खोटं बोलता येत नाही. त्या वेळी तरी यायला हवं होतं.

"मी विचारलं तिला," तो म्हणाला, "नेल्डाला काही सांगू का म्हणून. तिनं फोन ठेवला."

नेल्डानं पाना पुसला आणि परत ट्रेलरखाली गेली. थोड्या वेळानं खालून तिनं होबर्टला हाक मारली, बॅटरी धर म्हणाली, आणि होबर्ट गालिच्याशिवायच खडीवर गुडघे टेकून बसला.